दगडफूलवाल्या साळवे बाई

विभागाच्या फलकावर पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची नवी जाहिरात लावताना माझा हात अजून सवयीनं थांबतो. वाटतं, आता साळवे बाई येतील, चष्मा कपाळावर ढकलतील, जाहिरात एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचतील आणि मी चौथी टाचणी टोचायच्या आत सांगतील की ही कोणासाठी आहे. इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज फार तर दोनदा चुकला. त्यातल्या एका वेळी, ज्याच्यासाठी जाहिरात काढली त्यालाच परदेशात जागा मिळाली आणि तो आलाच नाही. ती त्यांची चूक धरायची की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचा लिपिक आहे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथूनच निवृत्त व्हायचं आहे. मावळातलंच आहे, हमरस्त्यापासून आत, एवढं पुरे. ते उभं आहे आमच्या भातखाचरांवर. जमिनी घेताना घरटी एकाला नोकरी द्यायचं बोलणं झालं होतं, त्यात मी लागलो. माझे वडील जिथे इंद्रायणी लावायचे तिथे आता भाताच्या मुळांवर चर्चासत्रं होतात आणि दुपारच्या जेवणात बासमती असतो. तेव्हा इथल्या विद्वानांबद्दल माझ्या मनात फारसा आदर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जो काही होता, तो साळवे बाईंनीच संपवला.

डॉ. वंदना साळवे लेण्यांजवळच्या भाजे गावच्या. वडील बांधकाम खात्यात मैलकुली होते, रस्त्याच्या कडेचं गवत काढणं, खड्डे भरणं, मोऱ्या बांधणं ही त्यांची कामं. आई घरी मसाले कुटते आणि लोणावळ्यातल्या बंगल्यांवर पोचवते. बाई अंगानं लहानखुऱ्या, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत ड्रॉपरच्या दोन बाटल्या कायम. त्यातल्या एकीत कपडे धुवायचं ब्लीच असे, त्यामुळे त्या विभागात आल्या की वास आधी यायचा. त्यांचा विषय दगडफूल. आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच, आणि त्याची ती सगळी भावंडं, जी खडकावर आणि आंब्याच्या खोडावर चट्ट्यांसारखी पसरतात आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून मांडलेला हा संसार आहे, असं त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या. ब्लीचचा थेंब टाकला की काही जाती लाल होतात, काही होत नाहीत, आणि त्यावरून त्यांची ओळख पटते. आई म्हणायची, "मी दगडफूल कुटती, आमची वंदी मोजती. पैसं मला मिळत्यात."

फेलोशिप म्हणजे काय, हे शांतामावशींना, म्हणजे बाईंच्या आईला, कोणी नीट समजावू शकलं नाही. मलाही वीस वर्षं कागद हाताळून जेवढं समजलं तेवढं सांगतो. पीएच.डी. झाली की माणसाला वाटतं आता नोकरी. नोकरी नसते. मग त्याला दोन वर्षं एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनाला ठेवतात. काम तो करतो, निबंधावर नाव दोघांचं लागतं आणि सत्कार एकाचा होतो. दोन वर्षं संपली की पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. वयाची अट असते, पस्तीस. बाईंना सगळ्या सवलती धरून चाळीस. त्या वयात आमच्याकडची माणसं सुनेचं बघायला लागतात. गावात कोणी विचारलं की मावशी सांगायच्या, "तिचं शिक्षान संपलंय, पर शाळा काय सुटंना."

बाईंना दोन भाषा होत्या. प्राध्यापकांशी त्या असं शुद्ध बोलायच्या की समोरचा स्वतःचं वाक्य मनात तपासून बघायचा. माझ्या टेबलापाशी आल्या की स्टूल ओढायच्या आणि भाज्याचं बोलायच्या. जाहिरातींबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान मला या दुसऱ्या भाषेत मिळालं. पहिल्यांदा मी एका जाहिरातीबद्दल विचारलं, तुम्ही का अर्ज करत नाही, तर म्हणाल्या, "भाऊ, ही जाहिरात न्हाई, लग्नपत्रिका हाय. नवरा कवाच ठरलाय. आमी फकस्त आहेर घिऊन जायचं."

मग त्यांनी मला वाचायचं कसं ते शिकवलं. "वनस्पतिशास्त्र किंवा संबंधित विषय" एवढंच असेल तर जागा खरी मोकळी आहे. विषयापुढे एखाद्या यंत्राचं नाव आलं की ते यंत्र ज्या खोलीत आहे तिथला मुलगा. यंत्राबरोबर एखाद्या किड्याचंही नाव आलं की मुलाचं नाव सुद्धा सांगता येतं. आणि अर्जाची मुदत सात दिवसांची, मधे दोन सुट्ट्या, तर मुलानं कालच सामान आणून टाकलंय. मी नंतर पडताळा घेत गेलो. एकदा तर खरंच मुलाची ट्रंक भांडारखोलीत येऊन पडलेली सापडली.

त्यांचं खरं काम रस्त्याच्या एका मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, चालायचं. माळवली स्टेशनकडून भाज्याला जाताना ती लागते, लेण्यांकडे जाणारे लोक तिच्यावरून जातात आणि तिच्याकडे बघत नाहीत. तिच्या कठड्याचे काळे दगड बाईंच्या वडिलांनी आणि त्यांच्या टोळीनं बसवले, बाई जन्मल्या त्याच वर्षी. छिन्नीच्या ताज्या टाकीचे दगड, म्हणजे त्या दिवशी अगदी कोरे. त्यावर पुढे जे काही उगवलं ते किती वर्षांचं आहे हे सांगायला कुठलं यंत्र लागत नव्हतं, बाईंचं वय विचारलं की झालं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेतलं झेंडावंदन आटोपून त्या मोरीवर गेल्या, दगडफुलाच्या चट्ट्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवला आणि त्याची कड पेनानं गिरवली. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला, त्याच दगडांवर. मधली दोन वर्षं त्या उत्तरेकडे एका फेलोशिपवर होत्या, तेव्हासुद्धा जानेवारीत रेल्वेनं आल्या आणि गिरवून परत गेल्या.

ते कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की एकात एक वर्तुळं दिसतात. दोन वर्तुळांमधलं अंतर नखाच्या जाडीएवढं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, एवढंसंच वाढतं वर्षात? बाई म्हणाल्या, याहून हळू वाढणारं त्यांनी आयुष्यात एकच पाहिलंय, ते म्हणजे आमच्या विभागातली बढतीची फाईल.

एकूण नऊ दगड होते. त्यातला चौथा गेला. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी कोणीतरी त्याच्यावर ऑइल पेंटनं बाण काढला आणि खाली 'पार्किंग' लिहिलं. चौदा वर्षांची वर्तुळं त्या रंगाखाली गेली. बाईंनी त्या वर्षी चौथ्या दगडाचा कागदही केला, फक्त त्यावर चट्ट्याऐवजी तारीख घातली आणि लिहिलं, 'मृत्यू, ऑइल पेंट'. मला वाटलं होतं की त्या रडतील. त्यांनी पार्किंगवाल्याला गाठून अर्धा तास दगडफुलावर व्याख्यान दिलं. त्यानं शेवटी हात जोडले आणि बाकीच्या आठ दगडांपाशी गाडी लावू देणार नाही असं कबूल केलं. तो शब्द त्यानं पाळला. विद्यापीठानं दिलेला एकही शब्द इतका टिकलेला मला माहीत नाही.

आता आमच्या विभागप्रमुखांबद्दल सांगायला हवं. डॉ. पाटणकर. हे कागदाचं वजन बघतात, मजकूर बघत नाहीत. जाड प्रबंध आला की हातात तोलून "उत्तम" म्हणतात. सही मात्र सुरेख. एकदा परदेशातून कोणी पाहुणे आले, त्यांना सर विभागाभोवती फिरवत होते. मागच्या बागेत एक मोठा खडक आहे, त्याच्यावर पांढरे ठिपके. सरांनी पाहुण्यांना सांगितलं की हे अत्यंत दुर्मीळ जातीचं दगडफूल आहे आणि आपण ते जपलं आहे. पाहुण्यांनी वाकून फोटो काढला. साळवे बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतली बाटली काढलीच नाही, नुसतं नखानं एक ठिपका खरवडला आणि अतिशय नम्रपणे, शुद्ध मराठीत, सरांना म्हणाल्या, "सर, हा डिस्टेंपर आहे. कुलगुरू येणार होते तेव्हा भिंत रंगवली, त्याचे शिंतोडे."

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. पण खडकावरून नजर फिरवून त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. त्या दिवसापासून पाटणकर सर बाईंशी फार गोड बोलायला लागले. आमच्याकडे ज्याचा काटा काढायचा असतो त्याला आधी अहो-जाहो करतात.

बाई तेव्हा विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन आणि सुट्टीत काहीच नाही. वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्या उत्तरेतून परत आल्या होत्या. बसायला खोली नव्हती, जिन्याखाली एक टेबल होतं. त्या टेबलाच्या खणात त्यांचा स्वतःचा बायोडेटा असायचा, पाच-सहा प्रतींत. आमच्या या जगात एक रीत आहे. नवीन मुलाला अर्ज करायचा असला की तो कोणा मोठ्याचा बायोडेटा 'नमुना' म्हणून मागतो. नाव बदलतो, जन्मतारीख बदलतो, बाकीची मांडणी तशीच ठेवतो. यात कोणाला गैर वाटत नाही, उलट नमुना न नेणारा मुलगा शिष्ट समजला जातो. बाई सगळ्यांना नमुना द्यायच्या. निखिललाही दिला.

निखिल हा पाटणकर सरांचा विद्यार्थी. मुलगा वाईट नव्हता. सरांची बॅग धरायचा, सरांच्या गाडीत हवा आहे का बघायचा, आणि एमआयडीसीजवळच्या झाडांवरच्या दगडफुलावर दोन वर्षं काम करून त्यानं पीएच.डी. मिळवली होती. त्या वर्षी विभागाला एक फेलोशिप मंजूर झाली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, निखिलचा बायोडेटा पुढे टाकला आणि सांगितलं, यातला अनुभव उचल आणि 'आवश्यक पात्रता' म्हणून घाल, घट्ट कर, म्हणजे बाहेरची गर्दी नको. प्रकल्पाची उद्दिष्टंही त्यातूनच घे. मी विचारलं, एकदा नजरेखालून घालता का? सर म्हणाले, निखिलचंच आहे ना.

निखिलचं नव्हतं. त्यानं नाव बदललं होतं, जन्मतारीख बदलली होती, प्रबंधाचं शीर्षक बदललं होतं, आणि एक ओळ बदलायची राहिली होती. मी ती टाइप करत होतो आणि माझी बोटं थांबली. बेसॉल्ट खडकावरील दगडफुलाच्या वार्षिक वाढीचं एकाच ठिकाणी किमान दहा वर्षं सलग मोजमाप केल्याचा अनुभव. निखिल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. दहा वर्षांपूर्वी तो बारावीच्या क्लासला जात होता. या देशात ही अट पुरी करणारं माणूस एकच असावं, आणि ते जिन्याखाली बसलं होतं.

मी उठून चहा प्यायलो. सरांना जाऊन सांगणं माझं काम होतं. मी परत येऊन ती ओळ तशीच पुरी केली, वर 'आवश्यक पात्रता' लिहिलं आणि सहीला पाठवली. सही सुरेख आली. खरं सांगतो, त्या वेळी बाईंचं भलं करावं असा काही थोर विचार माझ्या डोक्यात नव्हता. मला गंमत बघायची होती.

जाहिरात लागली त्या दिवशी बाई आल्या, चष्मा कपाळावर गेला, वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. मग पुन्हा वरून खाली. त्यांचा अंदाज सांगून व्हायला कधी इतका वेळ लागला नव्हता. शेवटी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही तर माझी हाय."

त्या वेळी त्या एकोणचाळीस पुऱ्या करून पुढे गेल्या होत्या. नोव्हेंबरात चाळीस. म्हणजे ही शेवटची. ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी अर्ज इतक्या काळजीनं भरला की पानांना सुईदोऱ्यानं शिवण घातली. शांतामावशींनी मला निरोप पाठवला, यंदा जमलं तर गोडा मसाला तुमच्या घरी वर्षभर फुकट. मी तो निरोप ऐकून घेतला आणि प्रथमच मला वाटलं की आपण गंमत बघायला नको होती.

मुलाखत ऑगस्टमध्ये झाली. समितीवर बाहेरून एक निवृत्त विदुषी आल्या होत्या, हातात काठी, केस पांढरे, आवाज करडा. मी फायली घेऊन कोपऱ्यात होतो. आधी निखिल आत आला. विदुषींनी जाहिरात समोर ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, दहा वर्षांची मोजमापं दाखवा. निखिलनं सरांकडे बघितलं. सरांनी जाहिरात ओढून घेतली आणि, माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच, वाचली. निखिल म्हणाला की टंकलेखनात चूक झाली असावी. विदुषी म्हणाल्या, जाहिरातीत आणि तुमच्या बायोडेटात, दोन्हीकडे तीच?

मग साळवे बाई आत गेल्या. त्यांना पहिला प्रश्न तोच. त्यांनी टेबलावरचे कप बाजूला करायला सांगितले, मी उचलले. त्यांनी गुंडाळी सोडली आणि पहिल्या दगडाचे सगळे कागद एकावर एक पसरले. विदुषी काठी टेकत उठल्या, टेबलाच्या या बाजूला आल्या आणि बोटानं एकेक वर्तुळ मोजू लागल्या. बरंच मोजून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि बाईंना विचारलं, "इतकी वर्षं हे कोणत्या फेलोशिपवर केलंत?"

"कोणत्याच नाही," बाई म्हणाल्या. "सव्वीस जानेवारीला सुट्टी असते."

मला वाटलं, झालं. आता यांना कोण नाकारणार? इतकी वर्षं त्या खुर्च्यांची धूळ खाऊनही मी इतका बावळट राहिलो होतो. संध्याकाळी सरांनी मला विचारलं, ती ओळ कोणी घातली? मी म्हटलं, आपण दिलेल्या बायोडेटातून सर, आणि खाली आपली सही आहे. सरांनी पेनाला टोपण लावलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, साळवे बाईंची फाईल आणा. मी आणली. त्यांनी प्रकाशित निबंध बघितले नाहीत, शिफारसपत्रं बघितली नाहीत. पहिलं पान उघडलं, जन्मतारखेवर नजर टाकली, फाईल मिटली आणि मला परत दिली. मजकूर वाचणारा माणूस त्यांच्यात कुठेतरी होता तर.

आठ दिवसांनी फलकावर सूचना लागली, 'प्रशासकीय कारणास्तव सदर निवड प्रक्रिया रद्द करण्यात येत आहे.' ती मीच टाइप केली आणि मीच लावली. विदुषींनी विद्यापीठाला एक कडक पत्र पाठवलं. त्या पत्राची मी आवक नोंद केली आणि ते अजून त्याच फायलीत आहे. फेरजाहिरात सप्टेंबरात आली नाही, ऑक्टोबरात आली नाही. बाई रोज फलकाकडे बघून जिन्याखाली जाऊन बसायच्या. नोव्हेंबर गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाहिरात आली, ती ओळ वगळून. अर्जाच्या अंतिम तारखेला वय, सर्व सवलती धरून, चाळीसपेक्षा जास्त नसावं, ही ओळ मात्र जागेवर होती.

त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. ओळ मला दिसली होती, मी मुद्दाम ठेवली, सरांना सांगितलं असतं तर साधी जाहिरात निघाली असती आणि तुम्हाला निदान पुढच्या एखाद्या ठिकाणी अर्ज करायला मन राहिलं असतं. मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं.

"तुमी सांगितलं असतं तर पोरगं तवाच बसलं असतं, भाऊ, न् मला कळलंबी नसतं. आता निदान विद्यापीठाच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी, लिव्हलंय की त्यास्नी कोन पायजे होतं."

मग त्यांनी जुन्या जाहिरातीची एक प्रत मागितली. मी दिली. ती त्यांनी घडी करून पिशवीत ब्लीचच्या बाटलीशेजारी ठेवली. महिनाअखेर त्यांनी जिन्याखालचं टेबल मोकळं केलं. खणातले नमुने मात्र तसेच ठेवून गेल्या. अजून पोरं येऊन नेतात.

त्यानंतर त्या लोणावळ्यातल्या एका महाविद्यालयात तासिकेवर लागल्या. भेट क्वचित व्हायची. एकदा बाजारात दिसल्या, मसाल्याच्या दुकानात दगडफुलाचं पोतं उपसत होत्या आणि दुकानदाराला सांगत होत्या की यात चार जाती आहेत आणि पाचवी झाडाची साल. दुकानदार ओळखीचा असावा, कारण तो वजन करत राहिला.

इकडे डिसेंबरच्या त्या जाहिरातीतून लागलेल्या निखिलची दोन वर्षं सरत आली. अहवाल द्यायची वेळ आली तेव्हा घोटाळा लक्षात आला. पात्रतेतली ओळ काढली होती, पण प्रकल्पाच्या उद्दिष्टांपर्यंत कोणी वाचतच गेलं नव्हतं. तिथे ती तशीच होती, आणि पैसे देणाऱ्या संस्थेनं दहा वर्षांची मोजमापं मागितली. पाटणकर सरांनी एक पत्र लिहवून घेतलं. साळवे बाईंनी आपले कागद 'विज्ञानाच्या हितार्थ' विभागाला उपलब्ध करून द्यावेत, ऋणनिर्देशात त्यांचा आवर्जून उल्लेख होईल. आणि पत्र घेऊन मला पाठवलं, म्हणाले, तुमचं त्यांचं बरं आहे.

मी मुद्दाम सव्वीस जानेवारीला गेलो. माळवलीला उतरलो आणि चालत मोरीपाशी पोचलो. शांतामावशी कठड्याच्या टोकाला डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाई गुडघ्यांवर होत्या, दगडाशी नाक नेऊन. केस बरेच पिकले होते. मी कागदाचं टोक धरून ठेवलं, त्यांनी कड पुरी गिरवली, मगच वर बघितलं आणि पत्र घेतलं.

चष्मा कपाळावर गेला. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. मावशींनी विचारलं, काय म्हंत्यात? बाई म्हणाल्या, दगडफूल मागायला आलेत. मावशी म्हणाल्या, "कुटल्यालं का अख्खं?"

बाई हसल्या नाहीत. गुंडाळीतून त्यांनी प्लास्टिकचा नवा कागद कापला, बाकीच्या कागदांच्या मापाचा, कडा अगदी सरळ. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'दगड क्रमांक', आणि पुढची जागा रिकामी सोडली. खाली त्या दिवसाची तारीख. त्याखाली, 'वर्ष पहिलं'. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि गुंडाळून माझ्या हातात दिला.

"ह्यो सरांस्नी द्या. दगड त्यांचा त्यांनी निवडावा. दहा वर्सांनी मी येऊन ताडून बघीन म्हणावं."

मी विचारलं, पत्राला उत्तर? त्या म्हणाल्या, हेच.

दुसऱ्या दिवशी मी आवक नोंदवहीत लिहिलं, 'डॉ. साळवे, भाजे, यांजकडून प्लास्टिकचा कागद, एक, कोरा.' नोंदवही सरांपुढे ठेवली. त्यांनी नेहमीसारखी, न वाचता, सही केली. कागद निखिलच्या कपाटात गेला आणि अहवालात काय गेलं ते मी विचारलं नाही.

पण मला आठवतं ते त्याच्या आदल्या दिवसाचं. परत निघाल्यावर वळणावरून मी मागे पाहिलं. मावशींनी डबा उघडला होता आणि हाक मारत होत्या. बाई पुढच्या दगडावर ओणव्या झाल्या होत्या, त्यांच्या वयाच्या त्या दगडावर. एका गाडीवाल्यानं काच खाली करून त्यांना लेण्यांचा रस्ता विचारला. त्यांनी पेन उचललं नाही, मान वर केली नाही, डाव्या हातानं रस्ता दाखवला आणि राहिलेली कड गिरवत राहिल्या.